एकतीस टक्के

३ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावून उभ्याउभ्याच सांगितलं, की आपल्या आणि पलीकडच्या देशाच्या तुलनेचा अहवाल यंदा मी लिहायचा. बसा म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नसावी. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत. मापन शाखेत माझी चोवीस वर्षं गेली, पण खुर्ची त्यांना मिळाली, तेव्हा मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं.

आकडे दोन. पहिला उत्पादकतेचा: माणसाच्या तासाभराच्या कामातून देशात किती माल निघतो. दुसरा चक्रीयतेचा: वापरून फेकलेल्या मालातला किती पुन्हा कारखान्यात जाऊन नवा होतो. पहिल्यात पलीकडचे पुढे. त्यांचे शंभर धरले तर आपले अठ्ठ्याऐंशी. चार वर्षांपूर्वी सत्त्याण्णव होते. दुसऱ्यात मात्र आपले एकतीस टक्के आणि त्यांचे चोवीस. साहेब म्हणाले, "एकतीस मोठ्या टायपात घ्या. अठ्ठ्याऐंशीचं काय ते तुम्ही बघा."

बघतो की. पलीकडच्यांना तोंडावर पाडायची संधी चोवीस वर्षांत पहिल्यांदा हातात आली आहे. चार वाजता घरी जातात, शनिवारी फोनसुद्धा उचलत नाहीत, आणि दोन्ही देशांच्या परिषदेत आम्हाला काम कसं करावं ते शिकवतात. यंदा त्यांना शिकवू.

५ मार्च, बुधवार

शहाण्याचा फोन. शहाणा म्हणजे माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पलीकडे सीमेला लागून धातू वितळवायची मोठी भट्टी आहे, तिथे तो व्यवस्थापक आहे. आपल्या यार्डांतून जाणारं भंगार त्याच्याच दारात उतरतं, त्यामुळे आपला सगळा देश म्हणजे भंगार अशी त्याची समजूत झाली आहे. बहिणीबहिणींचं बोलणं संपलं की हा फोन ओढून घेतो.

"काय साडूबुवा, यंदा तुलना तुमच्या हातात म्हणे? जपून हं. तुमच्याकडे घाम जास्त आणि माल कमी."

"तुमच्याकडे घाम यायच्या आत सुट्टी होते," मी म्हणालो आणि फोन हिच्या हातात दिला.

ही म्हणाली, "अहो, गमतीने बोलतात ते." तीस वर्षं गमतीने बोलतोय. एक दिवस मीही गमतीने त्याला अशी ऐकवीन की पुन्हा माझ्या घरी फोन लावणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

अहवालाला वेळ कुठून मिळणार? सकाळपासून छत्तीस कागद परत पाठवले. माहिती नमुना सातवरच द्या म्हणून सांगून सांगून घसा बसला, तरी लोक साध्या कागदावर पत्रं लिहितात. कुठल्याशा यार्डातून तर हाताने लिहिलेली चार पानं होती. सुरुवातच एका निळ्या फ्रिजपासून. निबंध स्पर्धा आहे का ही?

टाचणी म्हणाली, "सर, हे एकदा वाचून बघा. तिसऱ्यांदा आलंय." टाचणी ही माझी सहायक. जिथे तिथे टोचते म्हणून हे नाव मी ठेवलं आहे, तिला माहीत नाही. मी म्हटलं, तिसऱ्यांदा चुकीच्या नमुन्यात आलंय, यात वाचायचं काय? शिक्का मारला: नमुना अमान्य, पुन्हा सादर करावे. टाचणीने कागद असा उचलला, जणू मी तिच्या आईचा अपमान केला.

९ मार्च, रविवार

कन्या आली होती. सीमेजवळच्या भंगार यार्डात एका पाळीची पर्यवेक्षक आहे, आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहते. परीक्षा देऊन लागली, माझ्या शब्दावर नाही. हे मी चारचौघांत मुद्दाम सांगतो, कारण साहेबांचा मेहुणा कसा लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जेवताना म्हणाली, "बाबा, परत आलेला गठ्ठा तुम्ही कुठल्या रकान्यात धरता?"

"परत येतोच कशाला? नीट बांधा."

"कधी बांधणार? दिवसाला किती गठ्ठे वजनकाट्यावरून गेले एवढंच वरून विचारतात. काच, रबर, ओला पुठ्ठा, सगळं लोखंडाबरोबर दाबून टाकतो. काकांच्या भट्टीवर तपासतात आणि परत पाठवतात."

काका म्हणजे शहाणा. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर त्याची वकिली. अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "तुझ्या काकांना सांग, आमचं भंगार गोड लागत नसेल तर स्वतःचं वितळवा."

"काकांचं सोडा. तुमचे दोन्ही आकडे एकाच ठिकाणी बिघडलेत. ऐकून तरी घ्या."

"चोवीस वर्षं आकड्यांत घालवली मी. तू तुझं यार्ड सांभाळ."

ही मध्ये पडली, "अगं, जेवू दे त्यांना." पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. विचारणार होतो, तेवढ्यात तिची बस आली.

१३ मार्च, गुरुवार

अठ्ठ्याऐंशीच्या मागे लागलो आहे. शेती, कापड, औषधं, कुठेच घसरण नाही. घसरण फक्त तीन ठिकाणी दिसते: भंगार, मालवाहतूक आणि धातू. तिथे कामाचे तास दरवर्षी वाढत चाललेत आणि माल जागच्या जागी.

'कामगारांत आळस वाढला आहे' असं वाक्य लिहिलं आणि खोडलं. आळशी माणसाचे तास वाढत नाहीत. मग वाढलेले तास जातात कुठे? टाचणीला विचारलं तर म्हणाली, "सर, कोणाला तरी यार्डात जाऊन बघावं लागेल." टाचणीला सहलीला जायचंय. मी म्हटलं, आकडे टेबलावर आहेत, यार्डात काय बघायचं? पण आज दिवसभर मन लागलं नाही, हे खरं.

१८ मार्च, मंगळवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तरी लिहितो.

पलीकडच्या कार्यालयाचं हरकतपत्र आलं. भाषा साखरेची. 'आपल्या अकरा सीमायार्डांतून आलेला जवळजवळ निम्मा माल अशुद्ध असल्याने परत पाठवण्यात आला. तोच माल पुन्हा पाठवला असता आपण त्याची पुन्हा नोंद करता. ही पुनरावृत्ती वगळल्यास आपली चक्रीयता सतरा टक्के भरते.' सतरा! म्हणजे दोन्ही आकड्यांत ते पुढे. आणि सोबत पुरावा म्हणून यार्ड चारच्या काट्याच्या पावत्या आणि मागच्या फाटकातून परत आलेल्या मालाची वही, पानन्‌पान. आपली वही, आपल्या यार्डाची, त्यांच्या पाकिटात.

कोणीतरी घरभेदी आहे. शहाण्याचा हात असणारच, पण त्याला कागद पुरवणारा हरामखोर आपल्यातला आहे. मी तिथल्या तिथे चौकशीची मागणी लिहिली. 'संबंधित व्यक्तीस शोधून सेवेतून काढावे, दया दाखवू नये.' दया हा शब्द मी स्वतः घातला.

टाचणी म्हणाली, "सर, आधी पावत्या खऱ्या आहेत का ते बघूया?"

"खऱ्या असोत नाहीतर खोट्या, बाहेर गेल्या कशा ते आधी."

पत्र गेल्यावर आठवलं, कन्या यार्ड चारलाच आहे. तिला उगाच मनस्ताप होईल. पण तिचा काय संबंध? उलट तिथली माणसं तिच्या ओळखीची, चौकशीला तिची मदतच होईल.

२१ मार्च, शुक्रवार

आज साहेबांनी खुर्ची दिली. तेव्हाच समजायला हवं होतं.

"वहीचं अक्षर ओळखलंत का?" त्यांनी विचारलं. मंगळवारी मी फक्त आकडे पाहिले होते, अक्षराकडे लक्षच गेलं नव्हतं. आता पाहिलं. पहिलीत असताना मीच गिरवून घेतलेलं अक्षर.

"चौकशी तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "बाहेरचा माणूस बसवला तर बोभाटा होईल. घरातलं घरात राहू दे." चेहऱ्यावर सहानुभूती होती आणि आवाजात मजा. त्या माणसाला मी जन्मात माफ करणार नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "सेवेतून काढा असं कोणी लिहिलं होतं?" तिने गॅस बंद केला आणि आत जाऊन पडली.

२४ मार्च, सोमवार

यार्ड चार. चोवीस वर्षांत पहिल्यांदा यार्डात पाय ठेवला.

चौकशीची खोली म्हणजे पत्र्याची केबिन, खिडकीतून मागचं फाटक दिसतं. तिला बोलावलं. आली, समोर उभी राहिली. काय हाक मारावी सुचेना.

"पर्यवेक्षक, हे कागद बाहेर कोणी दिले?"

"मी दिले, साहेब. भट्टीच्या व्यवस्थापकांना. त्यांनी त्यांच्या कार्यालयाला."

साहेब म्हणाली मला. सावकाश, स्पष्ट.

"देशाचे कागद बाहेर देताना लाज नाही वाटली?"

"आधी देशातच दिले होते. चार वेळा." तिने पिशवीतून चार पत्रं काढून टेबलावर ठेवली. चारींवर माझा शिक्का, शिक्क्याखाली माझी आद्याक्षरं. वर फक्त 'पाळी पर्यवेक्षक, यार्ड चार.' चौथ्या पत्राची तारीख अकरा मार्च. म्हणजे रविवारी जेवताना मी तिला गप्प केलं, त्यानंतर दोन दिवसांनी तिने पुन्हा लिहिलं होतं.

"वर नाव का नाही घातलंस?"

"नाव घातलं असतं तर मुलीचं म्हणून वाचलं असतंत. मला पर्यवेक्षकाचं म्हणून वाचायला हवं होतं."

तेवढ्यात मागच्या फाटकातून ट्रक आला. तिथे काटा नाही. पुढच्या फाटकाला आहे, पण जाणाऱ्या मालासाठी. मी बाहेर गेलो. गठ्ठे उतरवत होते. एका गठ्ठ्यातून फ्रिजचं निळं दार कोपऱ्याएवढं बाहेर आलं होतं, आणि त्याच्या बाजूला रंगाचे पाच पट्टे, एकावर एक. दर फेरीला नवा नंबर टाकायचा म्हणून जुन्यावर पट्टा मारतात.

ट्रकवाल्याला विचारलं, हा माल कुठला? तो म्हणाला, "इथलाच, साहेब. हा गठ्ठा माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळा परदेशी जाऊन आलाय." आणि खो खो हसला. चार माणसं गठ्ठा ढकलत पुन्हा दाबायला प्रेसकडे नेत होती. त्यांचे तास मोजले जात होते, गठ्ठा मात्र नवा होत नव्हता.

केबिनमध्ये परत येऊन चारही पत्रं वाचली. ती समोर उभीच होती, बस म्हणायचं माझ्याही लक्षात आलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

कचेरीत जायच्या आधी लिहून ठेवतो, नाहीतर स्वतःलाच फसवीन.

'काट्यावरून गेला की चक्रात गेला' हा नियम अकरा वर्षांपूर्वी मी केला. तेव्हा गेलेला माल परत येत नसे. नमुना सातही माझाच. त्यात जाणाऱ्या मालाचा रकाना आहे, येणाऱ्याचा नाही. तिने परत आलेल्या मालाबद्दल लिहायचं तर कुठे लिहायचं? साध्या कागदावरच.

एका गठ्ठ्यामागे माणसं पाचदा राबली, माल शून्य. म्हणून अठ्ठ्याऐंशी. तोच गठ्ठा माझ्या रकान्यात पाचदा नवा झाला. म्हणून एकतीस. पलीकडचे फक्त भट्टीतून बाहेर पडलेला माल मोजतात, तेवढंच त्यांचं चातुर्य. शहाणा म्हणतो ते खरं आहे, घाम जास्त आणि माल कमी. त्याने ते हसत म्हणायला नको होतं, पण खरं आहे.

रात्री पुढे लिहितोय. संध्याकाळी साहेबांपुढे सगळं मांडलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "छान. आता चौकशीचं बोला. काढायचं की समज देऊन सोडायचं?" उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "शुक्रवारी एकतीसचा अहवाल तुमच्या सहीने टेबलावर आला, तर समज. सतराचा आला, तर मी काही करू शकत नाही. दया दाखवू नये असं तुम्हीच लिहिलंय."

२८ मार्च, शुक्रवार

सही केली. एकतीस, मोठ्या टायपात. यार्ड चारच्या पर्यवेक्षकाला लेखी समज, नोकरी कायम.

टाचणीने प्रत फाइलला लावली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला मुलं नाहीत, तिला काय कळणार? बापाने काय करायचं असतं ते मी केलं. उद्या कन्येला कळेल तेव्हा तिचाही राग जाईल.

३० मार्च, रविवार

कन्या आली नाही. मी फोन केला.

"मला वाचवायला तुम्ही खोटं लिहिलंत, बाबा?"

"खोटं नाही. नियमाप्रमाणे आहे."

"नियम तुमचाच ना?"

"अगं, नोकरी राहिली की नाही तुझी?"

"नोकरी जाईल हे धरूनच मी कागद दिले होते. राहिली ती कशासाठी? तोच गठ्ठा सहाव्यांदा पाठवायला?" मग म्हणाली, "मला काढलं असतंत आणि सतरा लिहिलं असतंत, तर मी पहिल्या बसने घरी आले असते."

फोन तिनेच ठेवला. मी हिला म्हटलं, कृतघ्न आहे. ही म्हणाली, "कोण?"

१९ एप्रिल, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणणार होतो. कन्येने राजीनामा दिला आणि पलीकडे मावशीकडे गेली. सामान न्यायला घरी आली तेव्हा मी कचेरीत होतो. मुद्दाम तशी आली असावी.

अहवालाचं वर्तमानपत्रांत कौतुक झालं. साहेबांना बढती मिळणार म्हणतात. ही माझ्याशी जेवायला या आणि दार लावा, एवढंच बोलते. शहाण्याचा फोन येतो, पण तो आता गंमत करत नाही. "मुलगी बरी आहे," एवढं सांगून फोन हिच्याकडे द्या म्हणतो. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागतं.

६ मे, मंगळवार

पलीकडच्या सरकारचा कागद आला आहे. त्यांच्या सीमेवरच्या काट्यावर तपासनीस म्हणून कन्येने अर्ज केलाय. आधीच्या नोकरीचा दाखला हवा, आणि शेवटची चौकशी मी केली म्हणून दाखला माझ्याकडे. एकच प्रश्न आहे: या व्यक्तीने ठेवलेल्या नोंदी खऱ्या असतात का? हो किंवा नाही. खाली आधार लिहायला चौकोन.

साहेबांनी तो कागद माझ्या आधी वाचला होता. "विचार करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "हो लिहिलंत तर तिची वही खरी ठरते, मग आपला अहवाल मागे घ्यावा लागेल. सही तुमची आहे, माझी नाही. नाही लिहा. नोकरी मिळाली नाही की महिन्याभरात घरी येईल. घरीही जरा बरं वाटेल." माणूस नीच आहे, पण हिशेब बरोबर करतो. नाही लिहिलं तर ती परत येईल. हो लिहिलं तर ती तिकडचीच होईल, शहाण्याच्या देशाची, आणि माझी चोवीस वर्षं सगळ्यांच्या हसण्यावारी जातील.

हिला विचारणार होतो. मग वाटलं, हिला कशाला विचारायचं?

७ मे, बुधवार

सकाळी चहा व्हायच्या आत कागद भरला. हो वर खूण केली. मग चौकोनात, आमच्या कचेरीची भाषा सोडून, जमेल तसं लिहिलं: 'यांची पत्रं मी चार वेळा न वाचता परत पाठवली. त्यानंतर यार्डात जाऊन पाहिलं आणि वाचली. एकही आकडा चुकलेला नव्हता.'

खाली सही केली आणि हुद्दा लिहिला. नातं लिहायला त्यांच्या नमुन्यात जागा नव्हती.